ऑनलाइन चित्र विकायचं तर: फोटोपासून पार्सलपर्यंत

प्रदर्शनात आलेला माणूस चित्रासमोर उभा राहतो, दोन पावलं मागे सरकतो, पुन्हा जवळ जाऊन रंगाचा थर न्याहाळतो, कडेने वाकून कॅनव्हास किती जाड आहे तेही बघून घेतो. इंटरनेटवर त्याला यातलं काहीच करता येत नाही. फोनच्या वीतभर पडद्यावर एक चौकोन दिसतो आणि तेवढ्या आधारावर पैसे मोजायचे की नाही हे ठरवावं लागतं. ऑनलाइन विक्रीतली बहुतेक मेहनत या एका अडचणीवर खर्च होते. जे त्याला बघता येत नाही, हाताळता येत नाही, विचारायला संकोच वाटतो, ते त्याने विचारण्याआधीच पानावर असायला हवं. जाहिरातीचा विचार त्यानंतर. ज्या पानावर आकार लिहिलेला नाही, किंमत दिलेली नाही आणि फोटो पिवळट आहे, तिथे हजार माणसं आणली तरी ती आल्या पावली परत जातात.

फोटो

सगळ्यात जास्त विक्री इथेच बुडते, म्हणून इथे थोडं थांबू.

चित्राला काच लावण्याआधी फोटो काढा. चकचकीत वॉर्निश करायचं असेल तर त्याच्याही आधी. नंतर काढलेल्या फोटोत खिडकी, दिवा आणि कॅमेरा धरलेला माणूस, सगळे उतरतात. चित्र भिंतीवर सरळ टांगा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर अशा उंचीला लावा, की लेन्सचं मध्य आणि चित्राचं मध्य समोरासमोर येईल. कॅमेरा जरासा जरी वर-खाली कललेला असला तरी आयताचा समलंब चौकोन होतो. हे तपासायला एक सोपी युक्ती आहे: चित्राच्या मध्यावर छोटा आरसा सपाट धरा. कॅमेऱ्यातून बघताना लेन्सचं प्रतिबिंब आरशात आणि चौकटीच्या बरोबर मधोमध दिसलं, की दोन्ही समांतर आहेत.

लेन्स ५० मिलिमीटर किंवा त्याहून लांब पल्ल्याची घ्या. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. तिने जवळून फोटो काढला तर चित्राच्या सरळ कडा बाहेर फुगल्यासारख्या दिसू शकतात. फोनच वापरायचा असेल तर दुप्पट झूमवर जा आणि तेवढं मागे सरका. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ च्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर, आणि सोय असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. टायमर अशासाठी, की बटण दाबताना बसणारा हलका धक्कासुद्धा ब्रशच्या बारीक रेघा पुसट करतो.

प्रकाशासाठी चित्राच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचे दोन दिवे लावा. दोघांचा चित्राशी कोन ४५ अंश आणि अंतर सारखं हवं. दिवे फार जवळ नकोत. चित्राच्या लांब बाजूच्या किमान दीडपट अंतरावर ठेवले तर कडा आणि मध्य सारखे उजळतात. उजेड समान पडला का हे पाहायला चित्राच्या मध्यावर पेन्सिल आडवी टेकवून तुमच्याकडे सरळ बाहेर काढून धरा. डावी-उजवीकडे पडलेल्या दोन्ही सावल्या सारख्याच लांब आणि सारख्याच गडद असतील तर दिवे जुळले. दिवे विकत घेताना रंगदर्शकतेचा आकडा, म्हणजे सीआरआय, ९५ च्या वर आहे का ते पाहा. दिवे नसतील तर ढगाळ दिवशी उघड्यावर किंवा मोकळ्या सावलीत काढलेला फोटोही चांगला येतो. खिडकीचा उजेड आणि घरातला बल्ब मात्र एकत्र करू नका. चित्राची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट होते, आणि व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाच्या रंगछटेची, एकच दुरुस्ती दोन्हींना लागू पडत नाही.

त्याच उजेडात करड्या कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवला, की संगणकावर त्यावरून रंग बसवता येतात. चकाकणाऱ्या तैलरंगासाठी दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लावतात. लेन्सवरचा पोलरायझर फिरवत गेलं की एका जागी चकाकी जवळजवळ नाहीशी होते. हे करताना पोताचा उठावही थोडा मरतो, म्हणून पोत दाखवणारा वेगळा फोटो लागतोच.

काही रंग कॅमेऱ्यात नीट येतच नाहीत. कोबाल्ट निळा कित्येकदा जांभळट झुकतो, फ्लोरोसंट रंग विझतात आणि सोनेरी मातीसारखा दिसतो. अशा वेळी वर्णनात सरळ लिहा: ‘प्रत्यक्षात सोनेरी भाग हलत्या उजेडात चमकतो, फोटोत तो सपाट दिसतो.’ एरवी फोटो जास्त भडक करण्याचा मोह टाळा. पडद्यावर भडक दिसलेलं चित्र घरी आल्यावर फिकं वाटतं आणि परत येतं, तेही दोन्ही बाजूंचा वाहतूक खर्च तुमच्या डोक्यावर टाकून.

प्रत्येक चित्राच्या दोन फाइल ठेवा. एक मूळ, पूर्ण आकाराची टिफ फाइल, छपाईसाठी. दुसरी वेबसाठी: एसआरजीबी हा वेबवरचा सर्वसाधारण रंगपट्टा, जेपेग, लांब बाजू सुमारे २००० पिक्सेल, दर्जा ८० च्या आसपास, आणि रंगाची प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) फाइलमध्येच जोडलेली. ‘माझ्या संगणकावर बरोबर दिसतं, साइटवर मळकट दिसतं’ या तक्रारीमागे बहुधा एकच कारण असतं. फाइल अॅडोबी आरजीबी या जास्त रुंद रंगपट्ट्यात जतन झालेली असते आणि प्रोफाइल वाटेत गळून पडलेली असते.

एका चित्राला एक फोटो पुरत नाही. पूर्ण चित्र, बाजूने तिरका उजेड टाकून घेतलेला पोताचा तुकडा, सही, कॅनव्हासची कड, मागची बाजू, आणि भिंतीवर लावलेलं चित्र खुर्चीशेजारी. शेवटचा फोटो सगळ्यांत उपयोगी. ‘६० बाय ८०’ हे आकडे वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर आकार उभा राहत नाही, खुर्ची दिसली की राहतो. तयार खोलीच्या चित्रात तुमचं चित्र बसवून देणारी अॅप्स आहेत, पण त्यांत प्रमाण चुकवू नका. सोफ्याच्या वर भिंतभर दिसलेलं चित्र प्रत्यक्षात वहीएवढं निघालं, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

चित्राची नोंद

शीर्षक, वर्ष, माध्यम, कशावर केलं आहे, आकार, फ्रेम आहे की नाही, टांगायची तार लावलेली आहे का, सही कुठे आहे, वॉर्निश कोणतं. इतकं प्रत्येक पानावर हवं. आकार लिहिताना कलाजगतात उंची आधी, मग रुंदी, मग जाडी असा क्रम आहे. तो उलटा झाला की घेणारा उभ्या चित्रासाठी जागा मोजून ठेवतो आणि आडवं चित्र येतं. शंका नको म्हणून ‘उंची’ आणि ‘रुंदी’ हे शब्दच लिहा, आणि सेंटिमीटर व इंच दोन्ही द्या.

शीर्षक काव्यमय असू द्या, पण शोधणारा माणूस ते शब्द टाइप करत नाही. तो ‘निळं मोठं अमूर्त चित्र, बैठकीसाठी’ असं काहीतरी शोधतो. म्हणून विषय, मुख्य रंग, माध्यम, आकार आणि ते कुठे शोभेल हे साधे शब्द वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत यायला हवेत. एट्सी या हस्तकलेच्या ऑनलाइन बाजारपेठेवर शीर्षकाला १४० अक्षरांची मर्यादा आहे आणि १३ टॅग (शोधशब्द) मिळतात, प्रत्येकी २० अक्षरांपर्यंत. तेराच्या तेरा भरा, आणि ‘चित्र’, ‘कला’ असे एकेकटे शब्द त्यात वाया घालवू नका. कोणी नुसतं ‘कला’ शोधून तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. स्वतःच्या साइटवर फोटोच्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेला आकडा न ठेवता वर्णन करणारं नाव द्या आणि ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोला जोडलेलं लेखी वर्णन, भरा. पडदा न दिसणाऱ्या माणसाचं वाचक-सॉफ्टवेअर तेच वाचतं, आणि चित्रशोधालाही त्याची मदत होते.

प्रत्येक कामाला एक क्रमांक द्या, उदाहरणार्थ २०२५-०१४, आणि एका तक्त्यात तो कुठेकुठे विक्रीला लावला आहे ते लिहा. एकच मूळ चित्र तीन ठिकाणी लावलेलं असतं, एकीकडे विकलं जातं आणि बाकी दोन ठिकाणांहून काढायचं राहून जातं. मग दुसऱ्याने पैसे भरले की परतावा आणि माफी.

किंमत

‘किमतीसाठी मेसेज करा’ हे लिहिणं थांबवा. बहुतेक लोक मेसेज करत नाहीत. किंमत परवडणार नाही असं गृहीत धरून ते पुढे सरकतात.

किंमत ठरवायच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत क्षेत्रफळाला दर लावतात: उंची गुणिले रुंदी गुणिले दर. दुसरीत उंची अधिक रुंदीला दर लावतात. फरक मोठा पडतो. १२ बाय १६ इंचाच्या चित्राचं क्षेत्रफळ १९२ आणि २४ बाय ३६ चं ८६४, म्हणजे साडेचारपट. बेरीज केली तर २८ आणि ६०, म्हणजे दुपटीपेक्षा थोडी जास्त. क्षेत्रफळाने मोठी चित्रं अवाच्या सवा महाग होतात आणि छोटी मेहनतीच्या मानाने स्वस्त पडतात. बेरजेची पद्धत सुरुवातीला बरी असं आमचं मत आहे. मात्र तिने मोठं चित्र फारच स्वस्त होत नाही ना, हे साहित्याचा खर्च आणि तास मांडून तपासा. कोणतीही पद्धत घ्या, एकदा घेतल्यावर सगळ्या कामांना तीच लावा. ‘हे माझं आवडतं आहे’ म्हणून एकाची किंमत दुप्पट केली, तर घेणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही, फक्त गोंधळ दिसतो.

दर सगळीकडे एकच ठेवा. गॅलरीत एक आणि स्वतःच्या साइटवर त्याहून कमी, हे कळलं की गॅलरी संबंध तोडते. गॅलरीचा वाटा ४० ते ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणून मूळ किंमत तो देऊनही परवडेल अशी बांधा. बाजारपेठेच्या साइटवर कापून जाणारी रक्कम आधी कागदावर मांडा. एट्सीचा व्यवहारावरचा वाटा ६.५ टक्के आहे आणि तो वाहतूक खर्चावरही लागतो. त्याशिवाय यादीत लावण्याचं शुल्क, पैसे स्वीकारण्याचं शुल्क, चलन बदलण्याचं शुल्क. यांतली एकेक रक्कम किरकोळ, पण एकत्र केल्या की छोट्या चित्राचा नफा संपतो. किंमत हळूहळू वाढवता येते, उतरवणं मात्र जड जातं, कारण आधी जास्त दिलेल्या माणसाच्या भिंतीवर तुमचं चित्र लटकलेलं असतं.

मूळ चित्र न परवडणाऱ्यांसाठी छापील प्रती असतात. हिशेब सोपा: चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची, म्हणजे २० बाय १३ इंचांची प्रत उत्तम निघेल. दुरून बघायच्या मोठ्या प्रतीला २०० पिक्सेलही चालतात. ‘जिक्ले’ हा शब्द ऐकू येतो तो १९९१ मध्ये जॅक डुगान या छपाईतज्ज्ञाने बनवला, कलात्मक इंकजेट छपाईसाठी. शब्द कायद्याने कुणी राखलेला नाही, म्हणून छापखान्याला तो न विचारता शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या रंगकणांची) आहे का आणि कागद अॅसिड-फ्री सुती आहे का ते विचारा. मर्यादित आवृत्ती काढलीत तर २५ म्हणजे २५च. संपल्यावर ‘थोड्या वेगळ्या आकारात’ आणखी काढणं ही फसवणूक आहे. मागणीनुसार छापून परस्पर पाठवणाऱ्या कंपन्या सोयीच्या आहेत, पण माल तुमच्या नजरेखालून जात नाही. विक्री सुरू करण्याआधी एक प्रत स्वतः मागवा आणि दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी ठेवा.

कुठे विकायचं

बाजारपेठेच्या साइटवर गर्दी आयती मिळते, पण गिऱ्हाईक त्या साइटचं असतं. सोशल मीडियावर लोक काम बघतात, आणि नियम रातोरात बदलतात. स्वतःच्या साइटवर सुरुवातीला कोणीच येत नाही, पण तिथलं सगळं तुमचं असतं. तिन्ही एकदम सुरू करू नका. स्वतःच्या नावाचं डोमेन आधी घ्या, आणि ते स्वतःच्या खात्यावर घ्या. साइट बनवून देणाऱ्याच्या खात्यावर राहिलेलं डोमेन परत मिळवताना घाम फुटतो. मग एक साधी साइट, एक बाजारपेठ, एक सोशल खातं.

या सगळ्यांपेक्षा टिकाऊ गोष्ट म्हणजे ईमेलची यादी. खातं बंद पडलं, साइट बदलली तरी यादी तुमच्याकडे राहते. त्यात फक्त स्वतःहून नाव दिलेल्यांना घ्या आणि प्रत्येक पत्रात नाव काढून टाकायची लिंक ठेवा. अनेक देशांत हे बंधनकारक आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचे नियम तर फारच कडक आहेत. महिन्यातून एखादं पत्र पुरे. नवी कामं सगळ्यांसाठी खुली करण्याच्या दोन दिवस आधी यादीतल्यांना दाखवा. मग यादीत राहण्याला काही अर्थ उरतो.

सोशल मीडियावर नुसतं पूर्ण झालेलं चित्र टाकण्यापेक्षा ते होताना दाखवा: पहिला थर, खरवडलेला भाग, आकाराचा अंदाज यावा म्हणून चौकटीत आलेला हात. विकायला असेल तर तसं लिहा, आकार आणि किंमतीसह. कलाकारांना हे लिहायला संकोच वाटतो, आणि बघणाऱ्याला ते चित्र विक्रीला आहे हे कळतच नाही.

पैसे आणि फसवे गिऱ्हाईक

एक नमुना ओळखून ठेवा. अचानक ईमेल येतो: पत्नीला वाढदिवसाची भेट द्यायची आहे, तुमची साइट बघताना ती हरखून गेली, आम्ही दुसऱ्या देशात राहायला जातोय, चेक पाठवतो, चित्र आमचा वाहतूकदार घेऊन जाईल. चेक किमतीपेक्षा जास्त रकमेचा येतो आणि ‘वरचे पैसे वाहतूकदाराला द्या’ असं सांगितलं जातं. बँक रक्कम आधी खात्यात दाखवते, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी चेक खोटा ठरतो, आणि तुम्ही पुढे पाठवलेले पैसे खरे असल्यामुळे गेलेले असतात. दुसरा नमुना: ‘तुमची कामं एनएफटी (मालकीची डिजिटल नोंद) म्हणून विकत घेतो, आधी या साइटवर शुल्क भरून ती चढवा.’ विकत घेणारा तुमच्याकडे पैसे मागतो, तेव्हाच संभाषण संपवा. खऱ्या गिऱ्हाइकाच्या पत्रात विशिष्ट चित्राचं नाव, आकाराबद्दल किंवा रंगाबद्दल एखादा प्रश्न असतो. फसव्याच्या पत्रात ‘तुमची काही सुंदर कामं’ एवढंच.

कार्डाने झालेल्या व्यवहारावर ग्राहक नंतरही तक्रार करू शकतो, बहुतेक प्रकरणांत १२० दिवसांपर्यंत. माल पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा पुरावा, महागड्या कामाला सही घेऊन दिल्याची नोंद, आणि बांधण्याआधी काढलेले चित्राचे फोटो एवढं हाताशी असलं की बाजू मांडता येते.

बांधणी

बबल रॅप थेट रंगावर कधीच गुंडाळू नका. अॅक्रिलिकचा थर खोलीच्या तापमानालाही थोडा मऊ असतो. उन्हात तापलेल्या गाडीत बुडबुड्यांचे गोल ठसे त्यावर कायमचे उमटतात. रंगाला लागून ग्लासीन हा गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, आणि अॅक्रिलिकला उष्ण हवेत सिलिकॉनचा लेप असलेला रिलीज पेपर. त्यावर कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याची संरक्षणं, मग समोर-मागे कडक पुठ्ठा, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. हे सगळं एका खोक्यात, आणि तो खोका सगळ्या बाजूंनी ५ सेंटिमीटर भरण सोडून दुसऱ्या खोक्यात. हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा.

तैलचित्र हाताला कोरडं लागलं तरी आतून ओलं असू शकतं. जाड थर पूर्ण वाळायला सहा महिने ते वर्ष जातं. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, म्हणून बरेच दिवस खोक्यात राहिलेल्या नव्या चित्रातला पांढरा पिवळसर दिसू शकतो. थेट ऊन न येणाऱ्या उजेडात काही दिवस ठेवलं की तो बराच निवळतो. हे सांगणारी चिठ्ठी खोक्यात घाला, नाहीतर तक्रार येणारच.

कॅनव्हास गुंडाळून पाठवायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवा. हे उलटं वाटतं, पण आत ठेवली की रंगाचा थर चेपला जातो, सुरकुततो आणि कॅनव्हासपासून सुटतो. नळी जितकी रुंद तितकी चांगली, १५ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाची नकोच. जाड थराचं चित्र गुंडाळूच नका. फ्रेममध्ये काचेऐवजी अॅक्रिलिकचा पत्रा वापरला तर फुटण्याची भीती जाते, मात्र पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांना तो चालत नाही. पत्र्यावरची स्थिर वीज सुटी भुकटी ओढून घेते.

वाहतुकीचा खर्च प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्यावर आकारला जातो, हे पहिल्या मोठ्या चित्राच्या वेळी धक्का देऊन कळतं. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ६० बाय ८० च्या चित्राचा बांधलेला खोका ९० बाय ७० बाय १२ झाला, तर आकारणी १५ किलोची होते, मग आत तीन किलोच का असेना. म्हणून चित्र विक्रीला लावण्याआधीच खोक्याचं माप धरून दर काढा. परदेशी पाठवताना हाताने केलेलं मूळ चित्र सीमाशुल्काच्या ९७०१ या शीर्षकाखाली येतं, छापील प्रत बहुधा ४९११ खाली, आणि दोन्हींवरचा कर वेगळा असू शकतो. आयात कर कोण भरणार हे पानावरच लिहा. ‘भेटवस्तू’ असं खोटं लिहून कर वाचवायचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका. कायदा मोडतो आणि हरवलं तर विमाही मिळत नाही.

हक्क

चित्र विकलं म्हणजे त्याच्या प्रती काढायचा हक्क विकला असं होत नाही. लेखी करार करून दिला नसेल तर कॉपीराइट सर्वसाधारणपणे कलाकाराकडेच राहतो, आणि बर्न कराराच्या, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, सदस्य देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. मागणीवरून केलेल्या कामाचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून तिथे दोन ओळींचा लेखी करार हवाच. चित्रासोबत जाणाऱ्या प्रमाणपत्रावर शीर्षक, वर्ष, माध्यम, आकार, क्रमांक आणि सही असते. ‘छपाईचे हक्क कलाकाराकडे’ ही ओळ त्यातच घाला. चोरी शोधायला गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून शोधणाऱ्या साइटींमध्ये अधूनमधून स्वतःची चित्रं टाकून बघा. कोणी ती टी-शर्टवर छापत असेल तर त्या साइटच्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जात मूळ पानाची लिंक आणि चोरीच्या पानाची लिंक द्या. चित्रभर मोठा वॉटरमार्क मारण्याचा उपयोग थोडा आणि तोटा जास्त: चोर तो पुसतो, आणि घेणाऱ्याला चित्र दिसत नाही. २००० पिक्सेलच्या फाइलमधून मोठी चांगली प्रत निघत नाही, खरं संरक्षण तेच.

पार्सल पोहोचल्यावर आठवड्याभराने दोन ओळी लिहून विचारा, चित्र नीट लागलं का, आणि भिंतीवरचा एक फोटो पाठवाल का. बरेच जण आनंदाने पाठवतात. त्यांच्या परवानगीने तो फोटो पुढच्या चित्रांशेजारी लावा, कारण त्यात खरी भिंत, खरा उजेड आणि खरा आकार दिसतो.